शाळेच्या जागेचा कौल

मृत्युपत्र लिहून ठेवणार : गेणबा भैरू गुरव, वय वर्षे बहात्तर, धंदा देवपूजा व वाजंत्री, राहणार मौजे उंबरटेक, रिहे खोरे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे.

हा कागद मी राजीखुशीने, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाच्या धाकाने लिहीत नाही. धाकाने एक काम मी आयुष्यात केले, ते पुढे येणारच आहे. चहाशिवाय मला व्यसन नाही. डोळ्यांना कमी दिसते, उजवा हात थरथरतो, म्हणून अक्षर वाकडे आहे. डोके मात्र शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने गावातल्या कोणत्याही घराच्या चार पिढ्यांची नावे मला विचारावीत.

पौडच्या कचेरीबाहेर बसणाऱ्या दस्तलेखकांनी मला दीड पानाचा नमुना करून दिला. मृत्युपत्रात मिळकतीखेरीज इकडचे तिकडचे लिहू नये, असे त्यांनी दोनदा बजावले. नमुना चांगला आहे, पण त्यात माझे पोट रिकामे होत नाही. म्हणून सुरुवात त्यांची घेतली आहे आणि बाकीचे माझे.

मुद्दा आधीच सांगतो. उंबरटेकची जुनी शाळा आणि तिच्याखालची जागा सरकारी कागदावर माझ्या नावाची आहे. ती माझी नाही. ती सगुणाबाई शेलार हिची आहे. मी उद्या मेलो तर माझ्या मुलाने, पाटलांच्या मुलाने किंवा देवाचे नाव पुढे करून आणखी कोणी ती अडवू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. बाकीच्या वस्तू किरकोळ आहेत, त्या आधी उरकतो.

कलम १. देवळामागचे राहते घर, पुढची पडवी, गोठा आणि परसातला फणस धरून, माझी पत्नी धोंडाबाई हिचे. तिच्या पश्चात मुलगा कोंडिबा याचे. धोंडाबाई आहे तोवर घरात तिचा शब्द चालेल आणि चुलीची जागा हलणार नाही, सुनेने कितीही नाक मुरडले तरी. फणस तोडायचा नाही. कोंडिबाला फणसाच्या लाकडाची पेटी करून घ्यायची हौस आहे. ती त्याने दुसऱ्याच्या फणसावर भागवावी.

कलम २. माझी सनई नव्या शाळेला द्यावी. कोंडिबाने ती कधी ओठाला लावली नाही. तो खडकीला कारखान्यात आहे, दिवसभर भोंगा ऐकतो, त्याला तेवढे पुरे आहे. पितळी समई आणि पोथ्या मुलगी चंद्राबाई हिला. चंद्रा नेऱ्याला मास्तरीण आहे. ती कुठे शिकली ते पुढे येईल.

कलम ३. गुरवकीचा भाताचा तुकडा माझा नाही, देवाच्या पूजेचा आहे. जो पूजा करील त्याने तो करावा. जे आपले नाही ते वाटू नये, हे मला या तुकड्याच्या बाबतीत नेहमी समजत होते. शाळेच्या बाबतीत समजायला पस्तीस वर्षे लागली असे मी म्हणणार नाही. समजत तेव्हाही होते.

कलम ४. जुनी शाळा. खालच्या आळीत, ओढ्याच्या अलीकडे, दगडमातीच्या भिंतींची, वर पत्रा, एक खोली आणि पुढे ओटा. पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, उत्तरेस देवळाची पायवाट, दक्षिणेस सगुणाबाईचे घर. खोलीच्या बरोबर मध्ये एक लाकडी खांब आहे, त्यावर छपराचा काहीही भार नाही. बाहेरचा माणूस विचारतो की हा खांब कशाला? या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच या इमारतीची हकिकत आहे, म्हणून ती मुळापासून लिहितो.

सन १९२७ च्या शिमग्यानंतर लोकल बोर्डाचा निरोप आला, की गाव जागा देऊन चार भिंती उभ्या करत असेल तर मास्तर मिळेल. आमचे गाव उतारावर. शाळा बसेल अशी सपाट जागा गावात दोनच ठिकाणी. एक वरच्या आळीत, हैबतराव पाटलांचे मोठे खाचर. दुसरी खालच्या आळीत, सगुणाबाईचे खळे. सगुणाबाईचा नवरा आदल्या साली तापाने गेला होता. तीस वर्षांची बाई, कडेवर एक मुलगी, तीन पट्ट्या भात आणि ते खळे. खळे मात्र गावात पहिल्या नंबरचे. सासऱ्याच्या आज्यापासून सारवून, चोपून, भात झोडून ते असे घट्ट झाले होते की त्यावर सांडलेला दाणा न् दाणा वेचता यायचा. मध्ये मळणीच्या बैलांसाठी मेढ रोवलेली, ऐनाच्या लाकडाची.

तीन बैठका झाल्या. पाटलांचे खाचर घ्या असे पाटलांच्या तोंडावर कोणी म्हणेना, आणि विधवेचे खळे घ्या असे म्हणायची सगळ्यांना लाज वाटत होती. शेवटी आमच्याकडे असे अडले की जे करतात तेच ठरले. देवाला कौल लावायचा.

नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून लिहितो. भैरवनाथाच्या छातीवर चाफ्याच्या दोन पाकळ्या पाण्याने चिकटवतात, एक उजवीकडे, एक डावीकडे. गुरव गाऱ्हाणे घालतो. जी पाकळी आधी पडेल तिकडचा कौल. मग त्यावर कोणी बोलत नाही. भावाभावांतले बांधाचे तंटे मी असे मिटलेले पाहिले आहेत. या वेळी ठरले की उजवी पडली तर सगुणाबाईचे खळे, डावी पडली तर पाटलांचे खाचर.

आदल्या दिवशी सकाळी हैबतरावांनी मला बोलावले. ओट्यावर बसवले, चहा दिला. बोलले ते एवढेच :

"गेणबा, गुरवकीच्या तुकड्याला पानी माज्याच खाचरातनं उतरतंय न्हवं?"

"व्हय जी."

"तितं शाळा बांदली, म्हंजी पानी कुटनं उतरायचं? देवाला समदं ठावं असतंय. आपुन काय सांगायचं."

शब्दाने त्यांनी धमकी दिली नाही. मी चहा पिऊन उठलो. मला तेव्हा दोन लेकरे होती आणि तो तुकडा सोडला तर खायला दुसरे काही नव्हते. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. ज्याला सबब वाटेल त्याने ती खुशाल खोडावी.

दुसऱ्या दिवशी सगळा गाव सभामंडपात. गाभाऱ्यात गुरवाखेरीज कोणी जात नाही. मी उजवी पाकळी नुसत्या पाण्याने लावली. डावीच्या मागे उगाळलेल्या गंधाचा दाट थर दिला आणि अंगठ्याने दाबली. गाऱ्हाणे घातले. गाऱ्हाण्याचा शब्दही मी चुकलो नाही. उजवी पाकळी थोड्याच वेळात घसरली आणि पडली. लोकांनी चांगभलं केले.

सगुणाबाई पुढे आली. तिने पदर पसरून नमस्कार केला आणि म्हणाली, "देवानं माज्या दारात येऊन मागितलं. मी कोन न्हाई म्हननारी?" नवरा गेल्यापासून मी तिला हसताना पाहिले नव्हते. त्या दिवशी ती हसत होती. घरी जाऊन नारळ घेऊन आली आणि देवापुढे फोडायला माझ्या हातात दिला. मी तो फोडला.

दुसऱ्या सकाळी पूजेला गेलो तर डावी पाकळी सुकून, काळी पडून तिथेच चिकटलेली. ती मला नखाने खरवडून काढावी लागली.

मग गावाने इर्जिक घातली. घरटी एक माणूस, दुपारचे जेवण सगळ्यांना एकत्र. ओढ्यातला दगड वाहिला, माती तुडवली. हैबतरावांनी लाकूड मोकळ्या हाताने दिले, माणसेही दिली. वीस दिवसांत भिंती उभ्या राहिल्या, वर गवत घातले. पत्रा पुढे आला. मेढ उपटायला कोणी धजेना. खळ्याची मेढ उपटली तर घरातले धान्य जाते म्हणतात. सगुणाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पोरं बसत्याल तिच्या भवती." म्हणून तो खांब खोलीत राहिला. पहिल्या मास्तरांनी तपासणीला आलेल्या साहेबाला तो खांब गणित शिकवायला आहे असे सांगून वेळ मारून नेली. पुढे खरोखरच त्यावर खुणा करून पोरांच्या उंच्या मोजू लागले. अजून त्या खुणा आहेत. माझ्या चंद्राची खूण खालून चौथी आहे.

मास्तरांनीच दारावर एक फळी कोरून लावली : "श्री भैरवनाथाने मागितलेली जागा, शके १८४९." देवळात जायच्या पायवाटेवरून ती फळी दिसते. पूजेला मी दिवसातून दोनदा जातो.

शाळेला जागा गेली, पण सगुणाबाईचे भात काही कमी झाले नाही. ते झोडायला खळे लागतेच. तेव्हापासून ती दुसऱ्यांच्या खळ्यावर नंबर लावते. ज्याचे खळे त्याचे आधी, मग त्याच्या भावकीचे, मग सगुणाबाईचे. सन १९३४ च्या कार्तिकात अवकाळी आला तेव्हा तिच्या पेंढ्या पाटलांच्या खळ्याच्या कडेला नंबर धरून पडल्या होत्या. त्यांना कोंब फुटले. त्या साली मायलेकींनी नाचणीवर दिवस काढले. कोणी हळहळले तर ती म्हणायची, "माजं खळं देवाकडं कामाला हाय."

आणि दर शनिवारी शाळा सुटली की ती शेणाची पाटी घेऊन यायची आणि ती जमीन सारवायची. पस्तीस वर्षे. तिला कोणी सांगितले नव्हते. बाळंतपणाला लेक घरी आली असली तरी शनिवार चुकला नाही. बोर्डाचे लोक आले, गेले, मास्तर नऊ बदलले, जमीन सारवणारी बाई तीच.

याच कलमात माझी दुसरी चूक लिहितो. ती पहिलीपेक्षा लहान दिसते, पण तिच्यामुळेच आज हा कागद लिहावा लागतो आहे. सन १९३१ च्या आषाढात तलाठी आले. शाळेची जागा कोणाच्या नावे लावायची ते विचारायला. गाव सगळा लावणीला गेलेला. लावणीच्या दिवसांत आमच्या गावात दुपारी म्हातारी माणसे, कुत्री आणि गुरव एवढेच सापडतात. तलाठी देवळात पावसाला टेकले. मी म्हणालो, "देवाची जागा हाय." ते म्हणाले, "देवाला कुळाचं नाव लागत नाही. माणसाचं सांग, मला भिजत परत जायचं आहे."

देवळाच्या दारातून समोर सगुणाबाईचे भात दिसत होते. इरले पाठीवर घेऊन ती वाकून रोपे लावत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी माझे नाव सांगितले. मनाशी म्हणालो, नंतर दुरुस्त करू. नंतर कधी आलेच नाही.

जे मी लबाडीने मिळवले त्याचा सर्वात जास्त फायदाही मलाच झाला. शाळा देवळाजवळ आली म्हणून मी चंद्राला तिथे बसवली. गावातली शाळेत बसलेली ती पहिली मुलगी. लोक हसले. आज ती चाळीस मुलांना शिकवते. तिच्या पाटीवरचे पहिले अक्षर सगुणाबाईच्या खळ्यावर उमटले आहे, आणि तिच्या बापाने ते खळे कसे मिळवले हे तिला गेल्या महिन्यापर्यंत माहीत नव्हते. मी सांगितल्यावर ती म्हणाली, "आबा, लिहून काढा. तोंडानं सांगितलेलं गाव विसरतं."

सन १९६१ च्या पावसात शाळेची मागची भिंत फुगली. नवी शाळा घोटावड्याच्या रस्त्याला बांधली गेली आणि गेल्या वर्षी मुले तिकडे गेली. भिंतीची गावाने डागडुजी केली, पण इमारत रिकामी राहिली. गेल्या कार्तिकात बैठक बसली. हैबतराव आता नाहीत. त्यांचा मुलगा जयसिंग म्हणाला, सोसायटीच्या खताला गोदाम करू. माझा कोंडिबा म्हणाला, पिठाची गिरणी टाकतो, जागा आमच्याच नावावर आहे. सगुणाबाई ओट्याच्या कडेला बसली होती. तिला कोणी विचारले नाही. दोघेही हटेनात. तेव्हा कोणीतरी म्हणाले, "देवाचीच जागा हाय. लावा की कौल."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी उठून घरी आलो. लोकांना वाटले, म्हाताऱ्याला चक्कर आली.

मार्गशीर्षात मी सगुणाबाईकडे गेलो. ती पाटलांच्या खळ्यावर होती. सगळ्यांचे झोडून झाले होते, शेवटचा नंबर तिचा. पासष्ट वर्षांची बाई एकटी सूप घेऊन भात वारवत होती. मी उभ्या उभ्या सगळे सांगितले. पाकळी, गंध, तलाठी. तिने सूप खाली ठेवले नाही. हातातच धरून ऐकले.

मला वाटले होते ती शिव्या देईल. ती म्हणाली :

"नवरा गेला, तवा मला वाटलं देवानं टाकलं मला. मग त्यानं माज्याकडं मागितलं. समदा गाव सोडून माज्याकडं. त्याच जोरावर मी दिवस काडलं, गुरवदादा. आता तुमी तेबी काडून घेताय व्हय?"

ती परत वारवायला लागली. वाऱ्याने भुसा माझ्या अंगावर येत होता, तरी मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो, मग घरी आलो. धोंडाबाईला त्याच दिवशी सांगितले. ती म्हणाली, "एवडं पोटात ठेवलंत, तर वर जेवन कसं जात हुतं तुमचं?"

नऊ दिवस सगुणाबाई देवळाकडे फिरकली नाही. शनिवारी शेणाची पाटी घेऊन आली नाही. रिकाम्या शाळेतही तिने शनिवार मोडला नव्हता, तो तेव्हा मोडला. दहाव्या दिवशी सकाळी ती देवळाच्या पायरीशी आली. आत आली नाही. देवाला हात जोडले नाहीत.

"देवानं मागितली न्हवती?" तिने विचारले.

"न्हाई."

"गावानंबी मागितली न्हवती?"

"न्हाई. त्यांनी देवावर सोडलं हुतं."

"म्हंजी कुनीच मागितली न्हवती." ती म्हणाली. "मग ती म्या दिली. देवानं घेतली न्हाई, म्या दिली. पस्तीस वरसं शेनानं सारवली ती म्या. तिच्यावर दुसऱ्याचं नाव कसं?"

मी मान हलवली.

"आदी माजी मला परत दे. द्यायची का न्हाई ते मंग मी बघीन. आन् ह्ये समद्या गावाम्होरं सांग. मला एकटीला सांगून मोकळा हू नगंस. मेल्यावर वाचायचा कागुदबी नगं मला. तू जित्ता असताना वाच."

इतकी वर्षे ती मला 'तुमी' म्हणत आली. त्या दिवशी 'तू' म्हणाली. मला ते बरोबर वाटले.

म्हणून या कलमाने मी असे लिहून देतो की, वर वर्णन केलेली जुनी शाळा, जमीन, भिंती, पत्रा, ओटा आणि मधली मेढ यांसह, संपूर्ण मालकी हक्काने सगुणाबाई शेलार हिची आहे. तिच्या पश्चात तिची मुलगी तुळजाबाई, हल्ली नांदते घोटावडे, हिची. यात माझ्या वारसांचा कसलाही हक्क नाही. नाव बदलण्याचा अर्ज मी पौडला दिला आहे. कचेरी तिच्या चालीने चालेल. तोवर मी असेन नसेन, म्हणून हे मृत्युपत्र. किल्ली मी पाडव्याच्या दिवशीच तिच्या हातात दिली आहे.

या जागेवर तिला काही अट नाही. तिने पुन्हा खळे करावे, भिंती पाडाव्यात, गोदामाला द्यावी, कुलूप लावून ठेवावे. शाळेसाठी, समाजासाठी, देवासाठी असे काही सांगून तिच्याकडे ती मागायला कोणी जाऊ नये. द्यायची झाली तर ती आपणहून देईल. तिला ते जमते हे गावाने पाहिले आहे, फक्त गावाला वाटले की ते दुसऱ्याच कोणी केले.

कोंडिबासाठी. तू म्हणालास, "आबा, कागुद आपल्या नावाचा हाय, कोन इचारतंय?" मी विचारतो आहे. तुला राग आला आहे आणि तू पाडव्याला घरी आला नाहीस. गिरणी टाकायची तर टाक, तुझ्यात धमक आहे, पण स्वतःच्या जागेत टाक. घराची पडवी मोठी आहे, आईला विचारून बघ. हा कागद मोडायला कोर्टात गेलास तर कलम १ मधले घर तुझ्याऐवजी चंद्राला जाईल, आणि फणसही.

जयसिंगरावांसाठी. तुम्ही परवा येऊन म्हणालात, "काका, बाबा गेलं. मेलेल्या मानसाला कशापायी वढताय?" तुमच्या वडिलांनी मला एक गोष्ट विचारली आणि चहा पाजला. पाकळी त्यांनी लावली नाही. गाभाऱ्यात ते नव्हते, मी होतो, आणि गंध माझ्या अंगठ्याला होते. त्यांच्या वाट्याला जेवढे येते तेवढेच मी लिहिले आहे. त्याहून कमी लिहिले तर पुन्हा लबाडी होईल. तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. येत्या मार्गशीर्षात तुमच्या खळ्यावर पहिला नंबर सगुणाबाईला द्या.

कलम ५. या जागेबद्दल देवाला पुन्हा कधीही कौल लावू नये. त्या एका कौलानंतर मी जे कौल लावले ते सर्व खरे लावले. ज्यांना विश्वास ठेवायचा नसेल त्यांनी ठेवू नये, त्यांचे चूक नाही. माझ्यानंतर जो पूजा करील त्याला सांगणे की, कौल लावताना पाकळ्यांची पाठ आधी सभामंडपात फिरवून दाखव. आणि ज्या गोष्टीचा निवाडा माणसांनी लाजेपोटी टाळला आहे, तिचा कौल लावायला सरळ नकार दे. भैरवनाथाचा यात काही दोष नाही. त्याच्या छातीवर मी पस्तीस वर्षांपूर्वी जे थापले ते रोज अभिषेकाने धुतो आहे.

कलम ६. दारावरची फळी उतरवली आहे. ती माझ्याकडे आहे. माझ्या सरणावर ती माझ्या छातीवर ठेवावी, अक्षरे वरच्या बाजूला. फळी सागवानी आहे, तिचा दुसरा काही उपयोग करायचा मोह कोणी धरू नये. कोंडिबा, हे तुला. दारावर तिच्या जागी दुसरे काय लावायचे किंवा काहीच लावायचे नाही, ते सगुणाबाई ठरवील.

कलम ७. हा कागद मी मेल्यावर उघडायचा नाही. आज रविवारी, सगळ्या गावाला बोलावून, मी तो स्वतः मोठ्याने वाचतो आहे आणि वाचून झाल्यावर सही करतो आहे. आवाज बसला तर चंद्रा पुढे वाचील. देवळात वाचायचे माझ्या मनात होते. सगुणाबाई म्हणाली, "देवाला ठावंच हाय. माज्या हितं वाच." काल शनिवार होता. पहाटे पूजेला जाताना शाळेचे दार उघडे दिसले. ती गुडघ्यावर बसून मेढीभोवती सारवत होती. कशासाठी, ते मी विचारले नाही.

दस्तलेखकांच्या म्हणण्याप्रमाणे ज्याला मिळकत मिळते त्याने साक्ष घालू नये. म्हणून सगुणाबाईची सही अगर अंगठा या कागदावर नाही. तिने वाचून घेतले, आपले नाव कुठे कुठे आले आहे ते बोट ठेवून मला दाखवायला लावले आणि एकूण एक ठिकाण मोजले. एका ठिकाणी शाई पसरली होती, तिथे तिने माझ्याकडून नाव पुन्हा लिहून घेतले.

येणेप्रमाणे मृत्युपत्र माझे हातचे, शुद्धीवर असताना, गावासमक्ष वाचून सही केले.

सही : गेणबा भैरू गुरव

साक्षीदार १. महंमद अलाउद्दीन तांबोळी, राहणार घोटावडे, धंदा पानविडीचे दुकान. सही.

साक्षीदार २. गोजराबाई, पोलीस पाटलांची मंडळी, राहणार उंबरटेक. निशाणी डावा अंगठा.

साक्षीदार ३. जयसिंग हैबतराव पाटील, राहणार उंबरटेक. (सही करणार नाही म्हणून दोनदा उठून गेले. वाचन संपताना परत येऊन सही केली.)

दिनांक : २१ एप्रिल १९६३, रविवार.

स्थळ : ~~जुनी शाळा~~ सगुणाबाई शेलार हिचे खळे, मौजे उंबरटेक. (खोडाखोड माझ्या हातची आहे. गे. भै. गुरव)